म्हातारीची जागा

पहिला दगड छत्रीला लागला, दुसरा आकाशाला.

आकाश भावोजींनी नुकतंच संपवलं होतं. कॅनव्हास तिपाईवरून उडाला आणि ओल्या रंगासकट वाळूत पालथा पडला. भावोजींनी तो उचलून पाहिला. निळ्या रंगात वाळू, शिंपल्यांचा चुरा आणि पाय झाडणारा एक छोटा खेकडा.

"खेकडा राहू दे," ते म्हणाले. "रचना सुधारलीय."

तिसरा दगड माझ्या गुडघ्यावर बसला, त्यामुळे मला हसता आलं नाही.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, चित्रकार विश्राम वालावलकर. मुंबईत त्यांना 'बेटवाले वालावलकर' म्हणत, कारण त्यांनी उभ्या आयुष्यात एकच बेट रंगवलं : मालवणच्या दक्षिणेला, होडीनं जावं लागतं असं तारजुवं. सकाळचं तारजुवं, भरतीचं तारजुवं, ढगाळ हवेतलं तारजुवं. लग्नाआधी वर्षभर ते तिथल्या देवळाच्या ओवरीत राहिले होते. तिथं काढलेल्या 'म्हातारी' नावाच्या चित्रानं त्यांचं नाव झालं. समुद्रात उभा असलेला, कमरेत वाकलेल्या बाईसारखा काळा खडक, एवढंच ते चित्र. एका उदबत्तीवाल्यानं त्याचं कॅलेंडर काढलं आणि म्हातारी कोकणात घरोघरी गेली. वालावलकर डोळ्यांना दिसेल त्यात तसूभर फरक करत नाहीत, असं एका समीक्षकानं लिहिलं. ते कात्रण भावोजींच्या पाकिटात ताईच्या फोटोच्या पुढे असे. मग पदक मिळालं, आर्ट स्कूलमध्ये ते वर्ग घेऊ लागले आणि पोरांना सांगू लागले, "बाबांनो, निसर्गाला शिकवायला जाऊ नका."

उदबत्तीवाल्याला नवं कॅलेंडर हवं होतं, म्हणून बऱ्याच वर्षांनी ते बेटावर परत आले होते. मी पहिल्यांदाच. छत्री रोवणं, तिपाई धरणं आणि ताईला सांगू नयेत अशा गोष्टी तिला न सांगणं, ही माझी कामं.

किनाऱ्यावरच्या खडकाळ खडपाआडून माणसं बाहेर आली. पुढे एक पन्नाशीची, काळीसावळी, उंच बाई होती. साडीचा काष्टा मारलेला, हातात होडीचं वल्हं.

"तोच मेलो!" ती ओरडली. "क्यालिंडरवालो!"

कोणी ओळखलं की भावोजींना फार बरं वाटे. त्यांनी हात वर केला. "हो हो, मीच तो."

चौथा दगड त्यांच्या कपाळाला लागला. रक्त भुवईवरून खाली आलं, तरी त्यांचा हात वरच होता.

एवढ्यात दुसऱ्या बाजूनं आरडाओरडा करत दुसरा घोळका आला. त्यांच्या हातात कोयते. पुढचा ठेंगणा, छातीवर पांढरे केस असलेला माणूस गरजला, "खबरदार! आमच्या साक्षीदाराक हात लावशात तर!"

आपण कशाचे साक्षीदार आहोत हे आम्हाला ठाऊक नव्हतं. विचारायला सवडही मिळाली नाही. दोन्ही घोळके आमच्या डोक्यावरून एकमेकांवर पडले. वल्ह्याचा फटका बसला की आवाज कसा येतो ते मला तेव्हा कळलं. उशी झोडपल्यासारखा येतो, आणि मग माणूस ओरडतो. एकाचे दोन दात भावोजींच्या रंगपेटीत पडले, पांढऱ्या रंगाच्या शेजारी. ठेंगण्या माणसानं भावोजींना खांद्यावर टाकलं आणि पळत सुटला. मी तिपाई आणि छत्री घेऊन लंगडत मागे. ताईनं सामान सांभाळायला सांगितलं होतं.

त्या माणसाचं नाव गुणाजी जुवाटकर. दांडेवाडीचा पुढारी. देवळाच्या पायरीवर त्यानं भावोजींना उतरवलं, कपाळावर हळद दाबली आणि सगळं समजावून सांगितलं.

बेटावर दोन वाड्या, दांडेवाडी आणि बांदेवाडी. दोन्हीकडे धंदा एकच, रापण. म्हणजे समुद्रात अर्धगोल सोडलेलं लांबलचक जाळं. त्याची दोन टोकं किनाऱ्यावर, दोन्ही दोरांना माणसं, आणि सगळ्यांनी तालात ओढून ते वाळूवर आणायचं. त्याला वाळूच लागते. खडपावर जाळ्याच्या चिंध्या होतात. आणि बेटावर वाळूचा पट्टा एकच.

"तेची वाटणी वाडवडलांनी केल्ली आसा," गुणाजी म्हणाला. "ही देवळाची दीपमाळ. हंयसून समुद्रातल्या म्हातारेपर्यंत सरळ रेघ. रेघेच्या दक्षिणेक आमची रापण, उत्तरेक तेंची."

"मग भांडण कसलं?" मी विचारलं.

"म्हातारी पडली ना! तुफानात. आता पाण्याखाली नुसते तुकडे, लाटांनी खंयच्या खंय न्हेलेले."

"पण ती कुठे होती ते लोकांना आठवत असेल."

"आठवता तर! आमका एकीकडे आठवता, तेंका दुसरीकडे."

म्हातारी उभी होती तोवर तिच्याकडे कोणी नीट पाहिलं नव्हतं. मासळी भरपूर होती, रेघ बारीक होती. मासळी आटली आणि रेघ जाड झाली.

"पण देवीच्या कृपेन तुमचा क्यालिंडर आसा," गुणाजी पुढे झुकला. "तेच्यात म्हातारी पार उजव्या कडेक. म्हणजे उत्तरेक. म्हणजे सगळी रेव आमची. बांदेवाडयेक रवला खडप. तुमी फकस्त आज देवीसमोर सांगा, की बघितलंय तसाच काढलंय."

एरवी स्वतःच्या चित्राचा विषय निघाला की भावोजींना थांबवायला ताई लागे. आता ते कपाळावरची हळद बोटानं चाचपत बसले होते.

"आणि नाही सांगितलं तर?" मी विचारलं.

"उद्या बांगडो लागतलो. दोनय वाडये एकाच जाग्यार रापण घालतले." गुणाजीनं हवा कशी आहे ते सांगावं तशा सुरात सांगितलं, "मडी पडतली."

तो पाणी आणायला गेला, तेव्हा मी भावोजींच्या कानाशी लागलो. "म्हातारी खरंच तिथं होती ना?"

भावोजींनी पाकीट काढलं, कात्रण काढलं, उघडलं, परत घडी केली.

"पदक दिलेलं परत मागतात का रे?" त्यांनी विचारलं.

"कशाबद्दल?"

"सहज."

सभा दुपारीच भरली, देवीच्या मंडपात. देवळात हत्यार न्यायचं नाही अशी रीत, म्हणून दोन्ही वाड्यांनी आपापले कोयते बाहेर पायरीवर काढून ठेवले होते, चपलांसारखे, जोडीनं. आत भिंतीवर 'म्हातारी'चं मूळ चित्र होतं. बेट सोडताना भावोजींनी ते देवीला वाहिलं होतं. त्याला झेंडूचा हार होता आणि काचेवर कुंकू. दांडेवाडीची बायामाणसं त्याला नमस्कार करून बसत होती. बांदेवाडीची त्याच्याकडे पाठ करून.

वल्हंवाली बाई पुढे आली. तिला सगळे सत्याक्का म्हणत. तिनं आपल्या मुलाला हाताला धरून आणलं होतं. चांगला तिशीचा गडी. तोंडाच्या डाव्या बाजूला फडकं बांधलेलं, फडक्यावर पिवळट ओल.

"ह्यो माझो झिल तातू," ती भावोजींना म्हणाली. "गेल्या रापणीक ह्यांच्यापैकी एकान गळ मारल्यान. डोळो गेलो. आधी ह्येच्याकडे बघ, मगे काय ता बोल."

भावोजी बघत राहिले. ते एखाद्या गोष्टीकडे बघायला लागले की बराच वेळ बघत. तो त्यांचा धंदा होता. तातूनं उरलेला डोळा खाली घातला.

"सांगा, सायबानु," गुणाजी म्हणाला. "देवी ऐकता हा."

भावोजी उभे राहिले.

"म्हातारी तिथं नव्हती," ते म्हणाले. "मी सरकवली."

गुणाजी अर्धवट उठला.

"कोणी सरकवली?"

"मी. चित्रात."

"कित्याक?" गुणाजीचा आवाज फाटला.

"बोकडामुळे."

मग त्यांनी सांगितलं. मुंबईत कोणालाच, लग्नाच्या इतक्या वर्षांत ताईलाही न सांगितलेलं. त्या काळी बेटावर देवीला सोडलेला एक बोकड होता. देवीचा म्हणून त्याला कोणी हटकत नसे. दारातलं वाळवण त्यानं खाल्लं तरी लोक हात जोडत. भावोजींचं चित्र पुरं झालं होतं, म्हातारी जिथं होती तिथंच होती. चित्र ओवरीत वाळत ठेवून ते आंघोळीला विहिरीवर गेले. परत आले तेव्हा बोकड चित्रातून बाहेर बघत होता. एक शिंग उजवीकडच्या आकाशातून आरपार.

"त्याला मारता येईना, रागावता येईना. दुसरा कॅनव्हास नव्हता. मागून ठिगळ लावलं. पण त्याचा उंचवटा दिसायचा. त्यावर काहीतरी काळं, जाड रंगाचं हवं होतं. चित्रात काळी एक म्हातारीच होती. तिला उचलली आणि ठिगळावर बसवली. ती होती तिथं पाणी रंगवलं." त्यांनी घसा साफ केला. "खोटं वाटत असेल तर मागून बघा."

चित्र उतरवलं. मागून एक पाल पळाली. चौकटीमागचा कागद फाडला तर बरोबर म्हातारीच्या पाठीमागे तांबड्या कापडाचं ठिगळ.

देवळाचा गुरव पुढे वाकला. "ह्या तर आमच्या देवीच्या पडद्याचा कापड!"

"जुना पडदा टाकलेला होता," भावोजी पुटपुटले. "मला वाटलं..."

बांदेवाडीतून आनंदाची आरोळी उठली. सत्याक्कानं डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, सुटलो. पदक गेलं, पण जीव वाचला. पण गुणाजी त्या ठिगळाकडे टक लावून बघत होता, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू उजेड पडत होता.

"थांबा!" तो ओरडला. "बोकड कोणाचो?"

"देवीचो," चार-सहा जण म्हणाले.

"ठिगळ कोणाच्या पडद्याचा?"

"देवीच्या."

"मगे म्हातारेक थंय बसवल्यान कोणी? ह्या मुंबैवाल्यान? ह्येची काय टाप! देवीन शिंगान जागो दाखवल्यान. ह्यो कौल आसा, कौल!"

आणि आख्ख्या दांडेवाडीनं ठिगळाला हात जोडले.

"देवी बोकडाच्या शिंगान बोलाक लागली," सत्याक्का म्हणाली, "तर गुरवान काय करूचा? गवत खावचा?"

गुरवाला हे लागलं. तो खेकसला, तातूनं त्याला ढकललं, गुरव समईवर पडला, समई गुणाजीच्या पायावर. तेवढं पुरलं. सगळे एकदम दाराकडे धावले, पायरीवरच्या कोयत्यांकडे. आणि चपलांचं जे होतं तेच कोयत्यांचं झालं. "तो माझो!" "तुझो खंय, मूठ बघ!" दांडेवाडीतल्याच दोघांनी एका कोयत्यासाठी एकमेकांचे हात कापून घेतले. रक्ताचे ओघळ पायऱ्यांवरून उतरत होते, त्यात झेंडूच्या पाकळ्या.

"खरी जागा दाखव!" म्हणत तातूनं भावोजींचा उजवा हात धरला आणि ओढत समुद्राकडे नेलं. "देवीन दाखवलेली जागा दाखव!" म्हणत गुणाजीनं डावा धरला. वाळू येईपर्यंत एकेका हाताला दहा-दहा माणसं लागली होती. एकाच्या कमरेला दुसरा, दुसऱ्याच्या तिसरा.

"मला आठवत नाही हो!" भावोजी ओरडत होते. "मी रंग बघत होतो! जागा नाही बघितली!"

माझी खात्री आहे की त्या दिवशी बेटावर बोललं गेलेलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं. कोणी ऐकलं नाही. एक वाडी उत्तरेला ओढत होती, दुसरी दक्षिणेला. आणि मग जे झालं ते अजून कधी दुपारी डोळा लागला की मला ऐकू येतं. या माणसांनी जन्मभर दोन बाजूंनी दोरच ओढले होते. त्यांच्या पायांना सवय होती. कोणीतरी नकळत "हेऽऽ" म्हणालं, समोरून "होऽऽ" आलं, आणि दोन्ही वाड्यांचा ताल जुळला. हेऽऽ, टाच वाळूत. होऽऽ, अंग मागे. मधे जाळ्याच्या जागी माझे भावोजी, पाय जमिनीवरून सुटलेले, तोंड आकाशाकडे.

मी मधे घुसलो. कोणाचं तरी कोपर माझ्या नाकावर आलं आणि नाक एका बाजूला गेलं. ते आजही तिकडेच आहे. मी समोर दिसलेल्या मनगटाला चावलो. माणसाचं मनगट खारट असतं. ते मनगट सुटलं नाही, माझा दात सुटला.

हेऽऽ. होऽऽ.

ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. भावोजींचा उजवा खांदा जागचा हलला होता. कापडाखाली हाड भलत्याच ठिकाणी वर आलेलं दिसत होतं. ते एकदाच ओरडले. जनावर ओरडावं तसे. ताल तुटला. रापणीत दोर तुटला की सगळे एकदम थांबतात, तसे सगळे थांबले आणि हात सोडून उभे राहिले. भावोजी वाळूत पडले.

पहिला फटका सत्याक्कानं मारला. स्वतःच्या मुलाला, वल्ह्यानं, पाठीत. तातू गुडघ्यांवर बसला. दुसरा फटका गुणाजीला, पोटरीवर. मग तिनं माझ्या काखेतली छत्री हिसकली (ती अजून माझ्या काखेत होती) आणि भावोजी पडले होते त्यांच्या डोक्याशी तिची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी वाळूत खोल रोवली. वल्ह्यानं वरून ठोकली.

"ही हद!" ती म्हणाली. ती रडत होती आणि ठोकत होती. "माझ्या झिलाचो डोळो गेलो, आता ह्येचो हात गेलो. ह्या रेवेतसून आजून काय काय उचलून न्हेतलास? ही हद. ज्येका मान्य नाय तेना माझ्याम्होरे येवचा."

तिच्या वाडीतला एक जण चाचरत म्हणाला, "आक्का, पण हंयसर आमका रेव कमी येता..."

त्यानं ते वाक्य पुरं केलं नाही. करता येण्यासारखा त्याचा जबडा राहिला नव्हता.

गुणाजी पोटरी धरून खाली बसला होता. त्यानं छत्रीकडे बघितलं, मग दोन्ही बाजूंच्या वाळूत उमटलेल्या टाचांच्या खळग्यांकडे. इकडे जेवढे खोल, तिकडे तेवढेच.

"दोनय वाडयांनी सारख्याच जोरान ओढलानी," तो हळूच म्हणाला. "जाळा येता थंयच ह्यो इलो. ओढून काढल्ली हद आसा ही. मानूक होई."

दुसऱ्या दिवशी बांगडा लागला. छत्रीच्या अलीकडे एक रापण पडली, पलीकडे दुसरी. मडं एकही पडलं नाही. पहिल्या जाळ्यातले बांगडे दोन्ही वाड्यांनी आम्हाला आणून दिले. भावोजींनी डाव्या हातानं खाल्ले.

मुंबईत यातलं ताईखेरीज कोणाला काही कळलं नाही; तिनं माझं वाकडं नाक बघून बोकडापासून सगळं काढून घेतलं. पदक भिंतीवर राहिलं. फक्त कात्रण भावोजींनी पाकिटातून काढलं, आणि ताईचा फोटो पुढे आला. हाड बसलं, पण हात खांद्याच्या वर जाईना तो कायमचा. कुंचला कॅनव्हासच्या वरच्या भागापर्यंत पोचेना. त्यामुळे त्यांच्या चित्रांतलं आकाश बारीक होत गेलं आणि वाळू वाढत गेली. पुढच्या प्रदर्शनात त्याच समीक्षकानं लिहिलं की वालावलकरांची दृष्टी आता आकाशातून मातीकडे वळली असून हा त्यांच्या चिंतनाचा परिपाक आहे. ताईनं ते मोठ्यानं वाचलं, आणि त्यांचा खांदा शेकायला वाटीत तेल गरम केलं.

नवं कॅलेंडर राहिलंच होतं. ते त्यांनी घरात बसून, स्टुलावर कॅनव्हास ठेवून रंगवलं. तारजुव्याचा किनारा, वाळू, आणि वाळूत रोवलेली छत्री. बेटावर आता त्या जागी सिमेंटचा खांब आहे, पण त्याला छत्रीच म्हणतात. मी बघायला गेलो तेव्हा चित्र पुरं होत आलं होतं. सुंदर होतं. मला मात्र काहीतरी खटकत होतं.

"भावोजी," मी म्हटलं, "छत्री होती तिथंच आहे ना?"

ते कुंचला धूत राहिले.

"भावोजी?"

"चित्रात बरोबर आहे."

"आणि किनाऱ्यावर?"

"जराशी डावीकडे घेतलीय," ते म्हणाले. "उजवीकडे फार जड होत होतं रे."

ताई खिडकीशी बसून सुपारी कातरत होती. ती उठली. चित्राजवळ आली, अडकित्त्याचं टोक नेमकं छत्रीवर ठेवलं आणि आरपार घातलं. मग फिरवलं. मग सुपारी कातरायला परत जाऊन बसली.

"लावा आता ठिगळ," ती म्हणाली.

भावोजींनी ठिगळ लावलं. उंचवटा दिसायला लागला. त्यावर काहीतरी काळं, जाड रंगाचं हवं होतं. दोन दिवस ते त्या जागेकडे बघत बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी तिथं बोकड रंगवला. तोंड कुठल्याच वाडीकडे नको म्हणून थेट समोर बघणारा.

ते कॅलेंडर तारजुव्यावर घरोघरी गेलं. गुणाजी मुंबईला आला होता तेव्हा सांगत होता की देवीचा बोकड दांडेवाडीकडेच बघतो, घरात कुठेही उभं राहून पाहा. सत्याक्काचा निरोप आला होता की तो बांदेवाडीकडे बघतो, तातूनं एका डोळ्यानं पाहिलं तरी.

भावोजींनी दोघांना कळवलं, बरोबर आहे.